त ना ना ना कर्र्र

गाण्याचं मला जेवढं आठवत होतं ते असं : त ना ना ना, त ना ना ना, मग एक छोटीशी उडी, उडीच्या टोकाला 'रे' किंवा 'गं' किंवा 'ना', आणि मग कर्र्र्र. पुढे काही नाही.

यातला 'कर्र्र्र' संगीतकाराचा नव्हे. तो भांड्यावर नाव घालायच्या मशीनचा. नांदगावच्या बाजारपेठेत एका भांड्यांच्या दुकानात मी कुकरची रिंग घ्यायला गेलो होतो. लग्नसराई होती. काउंटरच्या टोकाला एक पोरगा स्टीलच्या तांब्यांचा ढीग घेऊन बसला होता आणि एकेका तांब्यावर आहेराचा मजकूर कोरत होता. कुठूनतरी गाणं येत होतं. बारीक आवाजात, पण ओळखीचं. मी कान टवकारले. आता शब्द कळणार, एवढ्यात पोराने 'विवाहप्रीत्यर्थ' कोरायला घेतलं. तीन जोडाक्षरं आणि वर रफार. रफार देऊन त्याने हात उचलला तोवर गाणं संपलं होतं आणि एक बाई पनीर घरच्या घरी कसं करावं ते सांगत होती.

"शेठ, आत्ता कोणतं गाणं लागलं होतं?"

"गाणं? कुठं?"

"इथं. तुमच्या दुकानात."

"मला इथं भांड्यांशिवाय काही ऐकू येत नाही," शेठ म्हणाले. "रिंग तीन लिटरची देऊ का पाचची?"

मी रिंगेचे पैसे देऊन वळलो, तोवर तो पोरगा तांबे पोत्यात भरून निघून गेला होता. पोचवायला गेला, तिथून परस्पर मावसभावाच्या लग्नाला. कधी येणार ते शेठना माहीत नव्हतं, आणि लग्नसराईत असा प्रश्न विचारणंही बरं दिसत नाही.

अर्धवट गाणं डोक्यात अडकलं की माणूस कामातून जातो. पूर्ण गाणं अडकलं तर ते निदान म्हणून टाकता येतं. अर्धवटाचं तसं नाही. मी दात घासताना 'त ना ना ना' करू लागलो, देवपूजेत करू लागलो, एका दहाव्याला पिंडाला कावळा शिवायची वाट बघताना सगळे शांत उभे होते तिथेही केलं. रात्री झोपेत उडीपर्यंत पोचायचो आणि कर्र्र्र करून जागा व्हायचो.

"घोरता ते चालेल," सौभाग्यवती म्हणाली. "पण हे बंद करा. आणि शनिवारी नस्तनपूरला शनीच्या दर्शनाला जाऊन या. मला वाटतं साडेसाती लागलीय."

मुलगा पुण्याला असतो. त्याला प्रत्येक दुखण्याचं नाव माहीत असतं, औषध माहीत नसतं. तो फोनवर म्हणाला, "बाबा, हा झायगार्निक इफेक्ट." ब्लूमा झायगार्निक नावाच्या बाईंनी बर्लिनमध्ये प्रयोग करून १९२७ साली दाखवून दिलं, की पुऱ्या झालेल्या कामापेक्षा अर्धवट राहिलेलं काम माणसाच्या जास्त लक्षात राहतं. सुरुवात म्हणे हॉटेलातल्या वेटरांवरून झाली. गिऱ्हाइकाने पैसे देईपर्यंत त्यांना सगळी ऑर्डर तोंडपाठ, पैसे दिले की पाटी कोरी. मला काही हे पटलं नाही. आमच्या स्टँडजवळच्या हॉटेलातल्या पोऱ्याला पैसे द्यायच्या आधीही ऑर्डर आठवत नाही. मिसळ सांगितली की भजी येतात, भजी खाल्ली की तो काउंटरकडे तोंड करून "दोन डोसे!" असं ओरडतो. बर्लिनच्या बाईंनी एकदा नांदगावला यायला हवं होतं.

शेवटी मी गावात विचारायचं ठरवलं.

इथे नांदगावची एक खोड सांगायला हवी. मनमाड आणि चाळीसगाव यांच्यामध्ये असलेलं हे गाव. औरंगाबादला रेल्वे पोचायच्या आधी वेरूळची लेणी बघायला निघालेले साहेब लोक रेल्वेने येऊन नांदगावलाच उतरत आणि पुढे टांग्याने जात. तेव्हापासून, माझा अंदाज आहे, परक्या माणसाला काहीतरी उत्तर द्यायचंच ही सवय गावाच्या हाडात भिनली असावी. साहेबाला इंग्रजीशिवाय काही येत नसे, टांगेवाल्याला इंग्रजी सोडून सगळं येत असे, तरी साहेब वेरूळला पोचायचा. आजही नांदगावात कुणाला काही विचारा, 'माहीत नाही' हे दोन शब्द ऐकायला मिळणार नाहीत. पत्ता विचारला तर पत्ता मिळतो. तो कुणाचा असतो हा पुढचा प्रश्न.

सलूनमध्ये मी मान पुढे करून बसल्या बसल्या 'त ना ना ना' म्हणून दाखवलं.

"रफीसाहेब," कात्री न थांबवता उत्तर आलं.

"पण आवाज बाईचा होता हो."

"रफीसाहेब कुठल्याही आवाजात गायचे."

पलीकडच्या खुर्चीवर तोंडभर फेस लावून बसलेल्या गृहस्थांना राहवलं नाही. ते म्हणाले, "किशोर." फेसातून 'किशोर' म्हणणं सोपं नाही, पण त्यांनी म्हटलं. मग दोघांत रफी-किशोर असा वाद जुंपला. माझं गाणं बाजूलाच राहिलं आणि माझा एक कल्ला दुसऱ्याहून बोटभर वर गेला.

रसवंतीवाल्याने उसाचं कांडं चरकात घालता घालता ऐकून घेतलं आणि 'जय संतोषी माँ' म्हणून सांगितलं. औषधाच्या दुकानातल्या मुलीने गुणगुणणं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "कोरडा आहे का कफ?" बाजार समितीजवळ मी गालावर हात ठेवून उडीची जागा आठवत उभा होतो, तर कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसलेल्या खानदेशी शेतकऱ्याने वरूनच हाक दिली, "काय व्हयनं दादा, दात दुखस का?" सगळ्यांत आपुलकीने विचारलं ते त्यानेच.

मी एक वही केली. तीत सांगणाऱ्याचा धंदा, त्याने सांगितलेला सिनेमा आणि त्याची खात्री असे तीन रकाने आखले. तिसऱ्या रकान्यात सगळीकडे 'शंभर टक्के' असंच लिहावं लागायला लागलं, तेव्हा मी तो रकाना बंद केला.

मग कुणीतरी म्हणालं, अण्णांकडे जा. अण्णा म्हणजे रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड, नव्वदीला टेकलेले. घर रुळांच्या जवळ, कारण लांब झोप येत नाही. त्यांच्याकडे गाण्यांचा खजिना आहे अशी ख्याती. तो खजिना आहेच, फक्त तो तुम्हाला हव्या त्या जागी उघडत नाही.

"रेडिओवर ऐकलंत?" अण्णांनी विचारलं.

"बहुतेक. नंतर पनीर कसं करायचं ते सांगत होते."

"म्हणजे वनिता मंडळ. बसा. तुम्हाला मुळापासून सांगतो." आणि अण्णा १९५२ सालात गेले. त्या वर्षी बाळकृष्ण केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. माणूस आपला मराठी, स्वतः शास्त्रीय संगीत शिकलेला. त्यांना वाटलं, लोकांनी सिनेमाची गाणी ऐकून कान बिघडवण्यापेक्षा रागदारी ऐकावी. झालं, आकाशवाणीवरची सिनेमाची गाणी बंद पडली. "मग आम्ही काय केलं?" अण्णा पुढे सरकले. "सुई सिलोनवर नेली!" दर बुधवारी रात्री आठ वाजता अमीन सायानी आणि बिनाका गीतमाला. रेडिओ ज्याच्या घरी त्याच्या ओट्यावर गल्ली. "शेवटी सरकार शहाणं झालं. ३ ऑक्टोबर १९५७. विविध भारती." तारीख सांगताना त्यांचा चेहरा असा काही उजळला, की हिरवा बावटा त्यांनीच दाखवला असावा असं मला वाटलं.

"अण्णा, माझं गाणं..."

"तुमचं काय घेऊन बसलात! 'महल'चं ऐका." ही गोष्ट मात्र मी कान देऊन ऐकली. १९४९ चा सिनेमा, खेमचंद प्रकाशांचं संगीत. मधुबाला झोपाळ्यावर बसून गाते त्या गाण्याची तबकडी निघाली, आणि तबकडीवर गायिकेचं नाव काय छापलेलं, तर 'कामिनी'. म्हणजे सिनेमातल्या पात्राचं नाव! रेडिओवर ते वाजायला लागलं आणि पत्रांवर पत्रं येऊन पडली, की ही गाते कोण? रेडिओवाल्यांनाही सांगता येईना. अखेर त्यांनी तबकडीच्या कंपनीकडून नाव मिळवलं आणि जाहीर केलं : लता मंगेशकर.

मला त्या पत्र लिहिणाऱ्यांचा हेवा वाटला. त्यांच्याकडे गाणं होतं, सिनेमा होता, मधुबाला होती. हरवली होती ती फक्त गायिका. शिवाय पोस्टकार्डावर गुणगुणून दाखवावं लागत नाही.

"हं, आता म्हणा," अण्णा डोळे मिटून म्हणाले.

मी घसा साफ करून 'त ना ना ना' सुरू केलं. तेवढ्यात मालगाडी आली. ती संपेपर्यंत अण्णांचे ओठ हलत होते. मला वाटलं, गाणं लागतंय.

"अठ्ठावन्न डबे," ते म्हणाले. "काय म्हणालात?"

मी पुन्हा म्हटलं.

"सैगल."

"बाईचा आवाज होता अण्णा."

"मग सैगल नसेल," त्यांनी मोठ्या मनाने मान्य केलं. "पण तुम्ही सैगलच ऐका."

छापील मार्गही करून पाहिला. कानपूरच्या हरमंदिरसिंग 'हमराज' या गृहस्थांनी 'हिंदी फिल्म गीत कोश' नावाचं प्रचंड काम करून ठेवलंय. बोलपट सुरू झाले त्या १९३१ सालापासून दशकादशकाचे खंड, एकेका सिनेमाची एकूण एक गाणी. असा माणूस जगात आहे हे कळल्यावर मला माझ्या वहीची लाज वाटली. पण कोशात शिरायला गाण्याचे शब्द लागतात, नाहीतर सिनेमाचं नाव तरी. मराठीतलं असेल म्हणून 'आठवणीतली गाणी' ही वेबसाइट उघडून बघितली, तिथेही शब्दांचीच अकारविल्हे. 'त' खाली 'त ना ना ना' मिळत नाही. मी पाहिलं.

मुलगा सुट्टीला आला तेव्हा त्याने सगळं शास्त्र हाती घेतलं. शाझाम म्हणून एक चीज आहे. इंग्लंडात २००२ साली सुरू झाली तेव्हा २५८० नंबर फिरवून फोन गाण्यासमोर धरायचा, मग गाण्याचं नाव निरोपात यायचं. आता सगळं फोनमध्येच असतं. "पण बाबा, ते ध्वनिमुद्रणाचा ठसा जुळवतं. खरं गाणं वाजत असलं पाहिजे. तुमचं गुणगुणणं चालणार नाही." गुणगुणलेलं ओळखायची सोय गुगलने २०२० मध्ये केली. ते आवाज, शब्द, वाद्यं सगळं बाजूला काढतं आणि नुसत्या चालीचे चढउतार आकड्यांत मोजून ताडून पाहतं म्हणे. मला हे फार आवडलं. आवाज बाजूला काढणारा श्रोता मला आजवर भेटला नव्हता.

मी फोनसमोर नीट मांडी घालून बसलो आणि म्हटलं.

"बाबा, तो कर्र्र नका म्हणू."

"त्याशिवाय उडी येत नाही मला."

खरंच येत नाही. कर्र्र गाठायचा आहे म्हणूनच उडी जमते, नाहीतर गाडी 'त ना ना ना'च्या स्टेशनातच फिरत राहते. फोनने विचार केला आणि एक कोरियन गाणं दाखवलं. शेजारी लिहिलं होतं, जुळणी अकरा टक्के. पुन्हा म्हटलं तर पोर्तुगीज निघालं, नऊ टक्के. अख्ख्या जगातली गाणी पोटात घेऊन बसलेला प्राणी, आणि उत्तर देताना अकरा टक्क्यांच्या वर बोलायला तयार नाही! नांदगावात त्याचं कसं निभणार?

यानंतर प्रकरण वेगळ्याच वाटेला लागलं. साकोऱ्याच्या एका भजनी मंडळातल्या बुवांनी माझं गुणगुणणं ऐकलं आणि ताबडतोब टाळ धरून पूर्ण केलं. चाल तीच! मी आनंदाने उठून उभा राहिलो.

"गौळण आहे आमची," बुवा म्हणाले. "आमच्या वडिलांपासूनची."

"मूळ सिनेमातली चाल आहे ना ही?"

"सिनेमावाल्यांनी घेतली असेल. आम्ही कुणाला नाही म्हणत नाही."

त्याच आठवड्यात एका पक्षाच्या कार्यकर्त्याने हीच चाल ऐकून छाती पुढे काढली. मागच्या निवडणुकीत रिक्षावर लावलेलं प्रचाराचं गाणं म्हणे हेच. "आणि तुम्हाला सांगतो काका, दुसऱ्या पक्षाचंही हेच होतं. फक्त चिन्ह बदललं की बसतं. गायकही एकच होता, दोघांना सवलतीत पडला." घंटागाडीच्या ड्रायव्हरचं म्हणणं, ओला कचरा-सुका कचरा याच चालीवर. लग्नाच्या मंगलाष्टका म्हणणाऱ्या गुरुजींनी तर मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, की चौथं मंगलाष्टक ते अलीकडे याच चालीत बसवतात, लोकांना आवडतं. म्हणजे देव, नवरानवरी, उमेदवार आणि कचरा या सगळ्यांची सोय एका चालीत झाली होती, आणि जो तो ती आपल्याकडून दुसऱ्याने उचलली म्हणत होता. मी वहीत चौथा रकाना आखला : 'मूळ मालक'. एका पानावर सात मालक झाले.

इकडे भांड्यांच्या दुकानात माझ्या खेपा चालूच होत्या. नुसतं "पोरगा आला का?" असं विचारायला दुकानात शिरणं बरं दिसत नाही, काहीतरी घ्यावं लागतं. आधी झारा घेतला. मग चाळणी. शेठना माझी निकड कळली.

"पोरगा उद्या येतोय. तोवर हा डबा बघा, तांब्याच्या बुडाचा."

उद्या गेलो तर, "हळद लांबली. मोदकपात्र आहे का घरात?" मोदकपात्र नव्हतं. ते झालं. मग इडलीपात्र. घरात इतकं स्टील झालं की संध्याकाळी उन्हं आत आली की स्वयंपाकघरात डोळे मिटून वावरावं लागे. सौभाग्यवतीने शेवटी माझ्यासमोर बसून शांतपणे विचारलं, "अहो, कुणाचं लग्न ठरवलंय का तुम्ही? मला सांगितलं तरी चालेल."

आणि एक दिवस पोरगा खरोखरच बसलेला दिसला, हाताला मेंदी, पुढ्यात घागर. मी धावतच गेलो. त्याला दिवस सांगितला, वेळ सांगितली, तांबे सांगितले, पनीर सांगितलं. त्याने मशीन बंद करून नीट ऐकून घेतलं. एवढ्या आदराने माझं गुणगुणणं कुणी ऐकलं नव्हतं.

"ते होय काका! ते रील होतं."

"रील म्हणजे?"

"मोबाईलवर बघत होतो. एका हाताने कोरतो, एका हाताने ढकलतो. कुणीतरी बाई नाचत होती, मग पुढचं आलं पनीरचं."

"मग ते गाणं पुढे कसं आहे?"

"पुढे कुठं असतंय? तेवढंच असतं. पंधरा सेकंदांचं. तेच फिरून फिरून लागतं."

"पण मूळ गाणं?"

पोराने माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "मूळ काय माहीत काका. त्यात पण कुणीतरी स्पीड वाढवलेला असतो." मग त्याने माझ्या समाधानासाठी फोन काढून ते रील शोधायला सुरुवात केली. बोटाने ढकलत ढकलत तो गेला : कुत्रा, कांद्याचा भाव, कुणाचा तरी साखरपुडा, पुन्हा कुत्रा. एकदा वर गेलेलं रील परत खाली येत नाही म्हणाला. मी तिथेच उभ्या उभ्या एक परात घेतली. घेतली नसती तर पडलो असतो.

मी घरी येऊन वही माळ्यावर टाकली आणि पेपर वाचू लागलो. पण मधल्या काळात एक गोष्ट मी करून बसलो होतो, ती माझ्या लक्षातच नव्हती. बँडवाल्या मास्तरांकडे गेलो होतो मी. मास्तर क्लॅरिनेट वाजवतात, आणि गाणी त्यांना चालीने पाठ, नावाने नव्हे.

"शब्द सांगू नका," ते पहिलंच म्हणाले होते. "शब्दांनी घोळ होतो. म्हणा."

मी म्हटलं होतं. सगळं, उडीसकट. त्यांनी क्लॅरिनेटवर दोनदा घोळवून पाहिलं होतं आणि विचारलं होतं, "शेवटचं कर्र्र आहे का त्यात?"

मी जरा घाईत होतो. म्हणालो, "आहे."

"बसवतो. साइड ड्रमवर घेऊ."

नंतर शेजारच्या गल्लीतली वरात निघाली. मी बघायला म्हणून खाली उतरलो. नवरदेव घोड्यावर, पुढे पोरं, त्यांच्या पुढे बँड. मास्तरांनी मला गर्दीत ओळखलं, भुवई उडवली आणि क्लॅरिनेट तोंडाला लावलं. त ना ना ना, त ना ना ना, उडी. मी जिथे बेसूर झालो होतो तिथे तंतोतंत बेसूर. आणि मग साइड ड्रमवर, दोन टिपऱ्यांनी, भरदार कर्र्र्र! त्या कर्र्रवर पोरं अशी उसळली की घोडा दोन पावलं मागे सरला. लगेच दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा तर करवल्यांनी फेर धरला आणि कर्र्र आला की सगळ्यांनी एका दमात खांदे हलवायचे असं आपोआप ठरून गेलं. कुणीतरी मास्तरांच्या टोपीत नोट खोचली आणि "हेच चालू द्या!" म्हणून ओरडलं.

माझ्या शेजारी फेटा बांधलेले एक वयस्कर पाहुणे उभे होते. त्यांचे डोळे पाणावले होते. त्यांनी माझा हात धरला.

"काय गाणं होतं हो एकेक," ते म्हणाले. "आता नाही होत असली. माझ्या वरातीत हेच वाजलं होतं."

"हेच?" मी म्हणालो. "नक्की?"

"शंभर टक्के. हे कर्र्रसुद्धा."

"साल कोणतं?"

"१९७८. पाचोऱ्याचा बँड होता."

"जरा थांबता का?" मी म्हणालो, आणि माळ्यावरची वही काढायला घराकडे धावलो.